समाजाचं शास्त्र

सुमंगलेला समाजशास्त्र शिकायचं होतं, आणि ते ऐकून रघुनाथाला जो आनंद झाला तो निव्वळ एका शब्दाच्या कृपेनं. विद्यापीठाच्या फॉर्मवर ‘सोशिऑलॉजी’ असं छापलं होतं. पोरीनं बापाला त्याचं मराठी करून सांगितलं, आणि डिचोलीत ‘समाज’ म्हटल्यावर माणसाला दुसरं काय कळणार? इथं नव्या माणसाला आधी नाव विचारतात, मग गाव विचारतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, “खंयच्या समाजाचे तुमी?” समाज म्हणजे आपली जात, जातीचा हॉल, हॉलचा अध्यक्ष आणि वर्षातून एकदा होणारा गुणवंतांचा सत्कार. त्या समाजाचंही शास्त्र निघालं आणि ते आपली मुलगी शिकणार, म्हटल्यावर रघुनाथाला आभाळ ठेंगणं झालं. पोरीनं त्याला दुरुस्त केलं नाही. चालती गाडी कोण थांबवतो?

रघुनाथ सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वर समाजाचा सेक्रेटरी, तोही वीस वर्षं. अर्ज लिहावा तर रघुनाथानं, असं डिचोली बाजारात कोणीही सांगेल. रेशनकार्डापासून विहिरीच्या परवानगीपर्यंत अर्ध्या तालुक्याची गाऱ्हाणी त्याच्या वळणदार अक्षरातून वर गेली होती. फॉर्मवर प्रश्न होता, ‘हा विषय आपण का शिकू इच्छिता? दोनशे शब्दांत लिहा.’ तो वाचून त्यानं बाह्याच सरसावल्या.

“कारण कित्याक व्हया?” सुशीला, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. “शिकलां तर बरो घोव गावतलो, तांच लिवा.” तिनं पेडण्याचं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. यंदा प्रवेश मिळाला नाही तर पोरीचं शिक्षण संपलं, हे घरात ठरून गेलेलं होतं. सुमंगलेलाही ते ठाऊक होतं.

रघुनाथानं बायकोकडे लक्ष दिलं नाही. तो उठला तो थेट समाजाचे अध्यक्ष कृष्णनाथ यांच्याकडे गेला. कृष्णनाथबाबांचं लोखंडी सामानाचं दुकान, पण बोलणं असं की मंत्र्यानं शिकवणी लावावी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. “तुझ्या चेडवान समाजाचां नाव काढलान, रघुनाथा.” लगेच लेटरहेड काढून त्यांनी शिफारसपत्र सांगितलं आणि रघुनाथानं ते लिहून घेतलं. ‘सदर कुमारी ही आमच्या समाजाची होतकरू कन्या असून पदवी संपादन केल्यावर ती समाजाचा इतिहास लिहील, तसेच वधू-वर सूची अद्ययावत ठेवील, अशी आम्हांस खात्री आहे.’ विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी हे वाचून काय करायचं, हे मात्र पत्रात नव्हतं.

“इतिहास लिवचो तर जुनी कागदपत्रां व्हयी,” कृष्णनाथबाबा म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून सभांच्या इतिवृत्ताच्या तीन जाड वह्या काढून दिल्या. रघुनाथानं त्या स्वतःच्या स्कूटरवर, पावसाचा शिंतोडा लागू नये म्हणून रेनकोटात गुंडाळून, स्वतः भिजत घरी आणल्या. हुरळली मेंढी म्हणतात ती हीच.

कारण दुसऱ्या वहीत काय होतं, ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पंचाहत्तर साली त्याची धाकटी बहीण चंद्रावती हिनं नार्वेच्या सगुणशी लग्न केलं. सगुण नदीकाठचा शेतकरी, माणूस सोन्यासारखा, पण सोनं आपल्या समाजाचं नव्हतं. हॉलमध्ये सभा भरली. ठराव झाला. आता तो लिहायचा कोणी, म्हणून सगळ्यांनी रघुनाथाकडे पाहिलं, कारण सेक्रेटरी तो आणि अक्षरही त्याचंच चांगलं. त्यानं लिहिला. ‘चंद्रावती व तिचे कुटुंबीय यांच्याशी कोणीही येणे-जाणे, खाणे-पिणे ठेवू नये.’ खाली सहीही लफ्फेदार केली. तुम्ही म्हणाल, असं पान माणूस विसरतो कसा? विसरत नाही हो. त्यानं ते मनात इतक्या खाली दडपून ठेवलं होतं की वह्या उचलताना त्याचा हात अडखळला नाही.

पंधरा दिवस सुमंगला त्या वह्या वाचत होती. रघुनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होता, की बघा, प्रवेशाआधीच अभ्यास सुरू झाला. कारणाचा मजकूर त्यानं तीनदा लिहून दिला. ‘समाजाच्या सर्वांगीण उन्नतीकरिता’ अशी त्याची सुरुवात होती. पोरीनं तिन्ही कागद नीट घडी करून ठेवले आणि म्हणाली, “मी लिवतंय बाबा.”

फॉर्म देण्याचा शेवटचा दिवस उजाडला. मांडवीचा पूल पडल्यापासून विद्यापीठाकडे जाताना बेतीला फेरीबोटीसाठी ताटकळावं लागे, म्हणून तिला सातची बस धरायची होती. पाववाल्या पोदेराची घंटी वाजून गेली होती आणि टेबलावर त्याचे ताजे उंडे नि चहा तसाच होता. सुमंगलेनं फॉर्म बापासमोर ठेवला. पालकाची सही नसेल तर फॉर्म घेत नाहीत, असं खाली ठळक छापलेलं होतं.

“वाचून सही करा,” ती म्हणाली. न वाचता सही करणारा तो क्लार्कच नव्हता. त्यानं इंग्रजी ओळींखाली बोट धरलं आणि सवयीप्रमाणे मनात मराठी करत वाचू लागला.

‘आमच्या समाजाच्या वहीत १९७५ सालचा एक ठराव आहे. त्यानुसार माझ्या आत्याच्या घरी आम्ही पाणीही प्यायचं नाही. आत्या आमच्या घरापासून दहा किलोमीटरवर नार्वेला राहते. तिला मी शेवटची पाहिली तेव्हा सात वर्षांची होते. ठराव ज्या अक्षरात आहे, त्याच अक्षरात माझ्या पहिलीच्या पुस्तकांवर माझं नाव घातलेलं आहे. ते अक्षर ज्यांचं आहे ते चांगले गृहस्थ आहेत. चांगला माणूस असं कसं लिहितो, ते मला शिकायचं आहे. घरात विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून विद्यापीठाकडे अर्ज करते.’

रघुनाथाला आधी राग आला. कागद फाडावा इतका आला. पोरगी समोर उभी होती, रडत नव्हती, भांडतही नव्हती. मग राग उतरला आणि त्याला लाज वाटली. बायकोसमोर, पोरीसमोर, त्या टेबलासमोरसुद्धा लाज वाटली. सुशीला दारात येऊन उभी राहिली होती. काय लिहिलंय ते तिला मुलीनं आदल्या दिवशीच सांगितलेलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही.

त्यानं खिशातलं पेन काढलं.

“ह्यात एक चूक आसा,” तो म्हणाला.

“खंयची?” सुमंगलेचा आवाज बारीक झाला.

“दहा किलोमीटर लिवलंस. साडेआठ आसा. आमच्या दारापासून तिच्या फाटकापर्यंत.” त्यानं ‘दहा’वर रेघ मारली, वर ‘साडेआठ’ लिहिलं आणि शेजारी खाडाखोडीची छोटी सही केली.

“तुमका कसां ठावक?” सुशीलेनं विचारलं.

“स्कुटराचो काटो दाखवता. दर चवथीक जेवणां झाली काय जातंय.”

गणेशचवथीच्या दुपारी नवरा समाजाच्या हॉलवर जातो, असं सुशीला इतकी वर्षं धरून चालली होती. ती खुर्ची ओढून खाली बसली.

“फाटकापर्यंत जातास, मगे आत कित्याक नाय गेलात?”

रघुनाथानं फॉर्म उलटा केला आणि पालकाच्या सहीची जागा शोधली.

“कसो जातलंय?” सही करता करता तो म्हणाला. “ठराव खंय रद्द झालो?”