बंदुकीतून सुटलेली सळई

मी एक जुनी सळई आहे. एका शिवणाच्या दुकानात पुढची आणि मागची खोली यांच्यामधला पडदा माझ्या अंगावर असतो. मी मधोमध वाकलेली आहे, त्यामुळे पडदा कितीही नीट सारला तरी कड्या घसरत घसरत मध्येच येऊन गोळा होतात. गिऱ्हाइके हसतात. दुकान चालवणारी आत्या त्यांना सांगते, "असू दे हो. घरातलं वडीलधारं माणूस आहे ते." मित्रांनो, म्हाताऱ्या सळईला याहून मोठा मान कोणता?

माझा जन्म पडद्यासाठी झाला नव्हता. लोहाराने मला तापवले, ठोकले, घासून गुळगुळीत केले, ते ठासणीच्या बंदुकीसाठी. ती बंदूक म्हणजे भारी नखऱ्याचे काम! नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी, आणि हे सारे सळईने तळापर्यंत ठासायचे. ठासून झाले की सळई बाहेर काढून नळीखालच्या खाचेत ठेवायची. मगच चाप ओढायचा.

माझा मालक धान्याच्या कोठाराचा पहारेकरी होता. मोठा मायाळू माणूस. मला तेलाच्या फडक्याने असा पुसायचा, जणू लेकराला न्हाऊ घालतो आहे. पण घाबरला की त्याचे हात पुढे धावत आणि डोके मागे राही.

एका दुपारी कोठारामागच्या झुडपातून रानडुक्कर निघाले आणि थेट त्याच्यावर धावले. त्याने दारू ओतली, चिंधी आणि गोळी टाकली, मला आत घालून ठासले, आणि मला बाहेर काढायचे विसरून चाप ओढला.

मी डुकराच्या पाठीवरून गेले. कुंपणावरून गेले. रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या सुताराच्या दारात खचकन रुतून थरथरत राहिले. डुक्कर आवाजालाच भिऊन पळाले. त्या दाराआड सुताराची बहीण फळीला रंधा मारत होती. ती हातभर अलीकडे असती तर? तो विचार आला की आजही माझ्या अंगावर गंज चढल्यासारखे वाटते.

तिने मला पकडीने उपटून काढले आणि केसांत लाकडाचे छिलके तसेच ठेवून रस्ता ओलांडून आली.

"तुमची वस्तू आमच्या दारात आली होती," ती म्हणाली.

"कुणाला लागलं का हो?" पहारेकऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"दाराला लागलंय. भोक बुजवायला या."

तो गेला. भोक बुजले तरी जातच राहिला. गल्लीतल्या लोकांनी त्याला भंडावून सोडले. "अरे, मागणी घालायची ही कुठली नवी तऱ्हा!" वर्षभरात दोघांचे लग्न झाले.

मी मात्र वाकले होते. बंदुकीच्या नळीत आता शिरत नव्हते. मला भंगारात टाकायचे ठरले, तेव्हा नवी नवरी म्हणाली, "वाकली तर वाकली. पडदा तर धरेल?" तिचे उपकार मी कसे विसरू?

पुढे चकचकीत नव्या सळया आल्या आणि मी बरीच वर्षे माळ्यावर चिंध्यांच्या गाठोड्यात पडून होते. त्या दोघांच्या नातीने, म्हणजे आत्याने, दुकान थाटले तेव्हा मला शोधून काढले आणि तेल लावून इथे बसवले.

दर रविवारी दुकान बंद असते. तेव्हा आत्याच्या भावाची दोन मुले, ताई आणि धाकटा, आणि शेजारची गोटी असे तिघे कापड बेतायच्या टेबलाभोवती बसतात. त्यांचा खेळ मोठा मजेचा आहे. धाकटा आणि गोटी एकेका शूराचे सोंग घेतात, ताई गोष्ट पुढे नेते. टेबलावर प्रत्येक शूराचे एक बटण असते. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर पराक्रम. एक पडला तर फजिती, आणि ती कशी व्हायची ते ताई ठरवते.

धाकट्याचा शूर बंदूकवाला होता, आणि त्याला नेमका एकच पडायचा.

"पुन्हा एक!" परवा ताई ओरडली. "उडाली गोळी तुझ्याच पायावर. लंगड आता!"

"मागच्या वेळी स्वतःचंच नाक उडवलं होतं," गोटी म्हणाली. "हा आपल्या बाजूचा आहे ना गं नक्की?"

दोघी पोट धरून हसल्या. धाकट्याने आपले बटण उचलून खिशात घातले. "मी नाही खेळत. कधीच नाही."

"अरे, चेष्टा केली! पुढच्या महिन्यात मी बाहेरगावी शिकायला जाणार. मग कोण खेळणार आहे तुझ्याशी?"

"मग आत्ताच जा."

ताईचा चेहरा उतरला. कोपऱ्यात शिवत बसलेल्या आत्याच्या यंत्राचा आवाज थांबला. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बोट दाखवून पोरांना माझी सारी हकीकत सांगितली.

"खरी फजिती अशी असते," ती शेवटी म्हणाली. "माणूस मूर्ख नसतो गं. घाईत एक पायरी चुकते. मग ती वस्तू कुठंतरी जाऊन पडते, कुणीतरी ती उचलतं, आणि पुढची गोष्ट सुरू होते. त्या दिवशी सळई जागेवर राहिली असती, तर आज या टेबलाशी तुम्ही दोघं भावंडं आणि मी, कुणीच नसतो."

"मी असते," गोटी म्हणाली.

"तू एकटीच खेळत बसली असतीस, भवाने!"

ताई फासा बोटांत फिरवू लागली. मग म्हणाली, "पायाचं मागे घेते. तू बंदूक ठासलीस, पण सळई काढायची राहिली. ती सुटली."

धाकटा दाराशी पाठमोरा उभा होता. "कुठे गेली?"

"डोंगरापलीकडे."

त्याने खिशातले बटण काढले आणि टेबलावर ठेवले. "मी तिला शोधायला जातो."

"थांब, मी पण येते," गोटीने आपले बटण त्याच्या बटणाला चिकटवले.

"लांबचा रस्ता आहे," ताई म्हणाली. "मी जायच्या आत नाही संपायचा."

"मग सुट्टीला येशील तेव्हा पुढचा," धाकटा म्हणाला.

ताईने नाक पुसले आणि फासा त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, हाती हत्यार असो की साधी कात्री, घाईत एकही पायरी गाळू नका. सगळ्याच सळयांना रिकामे दार भेटत नाही. आणि कुणाचा नेम चुकला तर खुशाल हसा, पण त्याला टेबलावरून उठून जाऊ देऊ नका. त्यांच्या खेळात मी अजून सापडलेली नाही. सुट्टीला अवकाश आहे. पडदा धरून मी आनंदाने वाट बघते आहे.