उष्ट्याची बादली

आमच्या शाळेच्या भोजनगृहात दाराशी एक निळी बादली असते. जेवून झालं की मुलं ताटातलं उरलंसुरलं तिच्यात खरवडतात आणि ताट खिडकीतून आत सरकवतात. मी या शाळेची मुख्य स्वयंपाकीण. कोण माझं कौतुक करतं आणि कोण नाक मुरडतं याची मला फिकीर नाही. मी बादलीत बघते. बादलीच्या आत अर्ध्याच्या जरा वर एक जुना ओरखडा आहे, रोजचं उष्टं साधारण तिथवर येतं. खाली राहिलं तर मी खूश. वर गेलं तर त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलू नये.

एका सकाळी चार पोरं हातात रंगीत कागदांच्या गुंडाळ्या घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरली.

"मावशी, आम्ही टीम आहोत," पुढची मुलगी म्हणाली.

"टीम असाल तर मैदानात जा. इथं गरम भांडी आहेत."

मुलगी हलली नाही. आठवीतली, ताठ मानेची, बोलताना हात कमरेवर. मी मनातल्या मनात तिचं नाव कप्तान ठेवून टाकलं. तिनं समजावून सांगितलं की आपल्या ताटातली भाजी ट्रकमधून येते, गोठवलेल्या चौकोनी तुकड्यांच्या पिशव्यांत, कुठून येते ते देवाला ठाऊक. त्यापेक्षा सायकलवरून जाता येईल इतक्या जवळच्या शेतातली भाजी का नको? मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एक गुरुवार दिला होता. त्या दिवशी उष्टं ओरखड्याच्या वर गेलं नाही, तर दर आठवड्याला जवळची भाजी. वर गेलं तर विषय बंद.

"आणि शेत कोणाचं?" मी विचारलं.

"कालव्यापलीकडचं. ते बीटवाले काका आहेत ना, त्यांचं."

मी हातातली पळी खाली ठेवली. "तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आत्ताच सांगते, मोठ्या बाईंनाही सांगते. उद्या कोणी म्हणायला नको की बहिणीनं वशिला लावला."

कप्तान खुलली. "मग तर तुम्ही चांगलंच शिजवाल!"

"एरवी काय वाईट शिजवते?"

धाकट्याचं सांगायचं तर तो पूर्वी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातून दोनदा घरी यायचा तेव्हा त्याची चिमुरडी पोर त्याला बघून भोकाड पसरायची आणि आईच्या मागे लपायची. एकदा ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं नोकरी सोडली आणि वडलांची पडीक जमीन नांगरायला घेतली. पोर आता त्याच्या खांद्यावरून उतरत नाही, पण माल विकला जात नाही. माझ्या भावाचा चेहरा असा भाबडा आहे की त्याला कोणी खरं सांगत नाही. दुकानदार म्हणतात, "वा, छान माल आहे, कळवतो," आणि कळवत कोणीच नाही. ट्रकच्या जुन्या मुकादमानं आपलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं होतं, परत यायचं असेल तर फोन कर म्हणून. ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन हा बीट उपटायचा.

"ताई, शाळेचं जमलं तर राहतो," तो मला म्हणाला होता. "नाही जमलं तर पुढच्या महिन्यापासून ट्रक."

त्या गुरुवारी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. बीट स्वतः धुतलं, सोललं आणि आमच्या यंत्रात घातलं. आमचं यंत्र एकच काप जाणतं, चौकोनी. ते तुकडे नेहमीसारखे उकडले, नेहमीसारखे रश्श्यात सोडले. टीमनं वेगळा उद्योग मांडला होता. रांगेच्या तोंडाशी एक ताटली, तिच्यात कच्च्या बिटाच्या पातळ चकत्या, वर लिंबू आणि मीठ. वर पाटी: चव बघा. शिवाय पुठ्ठ्याचे गोल बिल्ले होते, ज्याचं ताट स्वच्छ त्याच्या छातीला बिल्ला. बिल्ल्यांकडे मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, पोरखेळ आहे.

जेवणाच्या सुट्टीत नुसता गोंधळ. ज्याला त्याला आपली लाल झालेली जीभ दुसऱ्याला दाखवायची होती. शिक्षकसुद्धा हळूच चमच्यात जीभ बघत होते. कप्तान टेबलाटेबलावरून फिरत होती आणि तिच्या टीममधला चष्मेवाला बिल्ले टोचत होता. सुट्टी संपली तेव्हा मोठ्या बाई आल्या, बादलीत वाकल्या आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. बादलीचा तळ जेमतेम झाकला होता.

"उद्या सकाळी ऑफिसात या, कागद करून टाकू," त्या मागच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या भावाला म्हणाल्या. तो रिकामी खोकी टेम्पोत रचायला लागला आणि रचता रचता शीळ घालायला लागला. त्याची शीळ मी किती दिवसांनी ऐकली कोण जाणे.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. गोड असतं त्या दिवशीसुद्धा ही बादली इतकी रिकामी नसते. इतकी मुलं, आणि एकालाही बीट नको झालं नाही? मला माझा हात ठाऊक आहे, आणि मुलंही ठाऊक आहेत.

तेवढ्यात कोणीतरी मागून माझा एप्रन ओढला. पहिलीतली एक पोर, दोन वेण्या, छातीवर बिल्ला, डोळ्यांत पाणी. तिच्या पांढऱ्या फ्रॉकच्या खिशातून लाल ओघळ गुडघ्यापर्यंत आला होता. मला वाटलं रक्तच. मी खिशात हात घातला, आणि मूठभर उकडलेलं बीट हाती आलं.

"आई मारेल," ती हुंदके देत म्हणाली.

"खिशात कशाला कोंबलंस गं?"

"ताट स्वच्छ करायचं होतं ना."

मी तिचा खिसा नळाखाली धरला आणि विचारलं, "आणखी कोणी कोणी असं केलं?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली.

मग मी शोधायला लागले. खिडकीतल्या कुंड्यांत बीट होतं, मातीखाली नीट पुरलेलं. पाण्याच्या जगमध्ये होतं. हात पुसायच्या कागदांच्या डब्यात होतं, पडद्याच्या दुमडीत होतं. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात एक लोकरीचा हातमोजा होता, त्याच्या पाचही बोटांत एकेक तुकडा बसवला होता. हे करणारं कार्टं पुढे मोठं नाव काढणार. मी सगळं गोळा करून बादलीत टाकलं. उष्टं ओरखड्याच्या वर चांगलं वीतभर गेलं.

बाहेर शीळ चालूच होती.

खरं सांगते, मी बादलीची कडी धरून मागच्या दारापर्यंत गेले. स्वयंपाकघरामागे खताचा खड्डा आहे. एकदा ओतलं की कोणाला पत्ता लागला नसता. त्या पोरीचा खिसाही धुऊन झाला होता. माझा भाऊ घरी राहिला असता, त्याची पोर त्याच्या खांद्यावर राहिली असती. मला ते फार हवं होतं.

"मावशी, काय झालं?" मागे कप्तान उभी होती, तिच्यामागे चष्मेवाला. तिनं बादली बघितली, वेणीवालीचा ओला खिसा बघितला, आणि तिला सगळं कळलं. कमरेवरचे हात खाली आले.

"बिल्ल्यांमुळे?"

"बिल्ल्यांमुळे."

तिनं बादलीत पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "ओतून टाकूया ना, मावशी. काका किती खूश आहेत."

माझ्या मनातलंच ती बोलली, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते पटेना. आज ओतलं तर पुढच्या गुरुवारी पुन्हा कुंड्या उकरायच्या, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. आणि तिकडे तो दर आठवड्याला खोकी भरून आणणार, पोरं आवडीनं खातात म्हणून. दुकानदारांनी त्याला निदान फुकटचं राबवलं नव्हतं.

"धाकट्या!" मी हाक मारली. "आत ये."

तो आत आला. शीळ थांबली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि सांगताना मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्यानं बादलीतून तो हातमोजा उचलला, एका बोटातून तुकडा दाबून काढला.

"हे माझंच?"

"तुझंच."

पातेल्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. त्यानं बोटांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"ताई," तो म्हणाला, "हे मीसुद्धा पुरलं असतं."

माझा पारा चढला. सकाळपासून उभी राहून राबले आणि वर हे ऐकायचं! मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण चष्मेवाला बादलीत डोकं घालून बसला होता.

"यात एकही चकती नाही," तो म्हणाला.

"कसली चकती?"

"कच्ची. आम्ही कापलेली. सगळे चौकोनीच आहेत."

आम्ही सगळे वाकलो. खरंच, उष्ट्यात एकही चकती नव्हती, आणि ताटली तर रिकामी होती. वेणीवालीनं आपणहून जीभ बाहेर काढली. जीभ लालभडक होती.

"ते आवडलं होतं," ती म्हणाली. "हे मऊ मऊ आहे. यक्!"

बादली घेऊन आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला कप्तान, मागून भाऊ. वाटेत त्याचा हात दोनदा शर्टाच्या खिशाकडे गेला, ते मी बघितलं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा बादलीत वाकून बघितलं. टाळी वाजवल्याचं त्यांनाही आठवत असावं.

"नियमानं विषय बंद व्हायला हवा," त्या म्हणाल्या. मग कप्तानकडे बघून म्हणाल्या, "पण बादली तुम्ही स्वतः घेऊन आलात. आणखी एक गुरुवार देते. शेवटचा. बिल्ले चालणार नाहीत."

"पाट्यापण काढतो," कप्तान म्हणाली.

त्या दुसऱ्या गुरुवारी मी यंत्राला हात लावला नाही. मदतनीस, मी आणि टीम, सगळ्यांनी सुरीनं चकत्या कापल्या, आणि मी त्या कच्च्याच, लिंबू-मीठ लावून वाढल्या. माझं मनगट भरून आलं आणि माझी बडबड सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकली. धाकटा मागच्या दारात थांबायला तयार नव्हता. तो थेट बादलीशेजारी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. मी म्हटलं, अरे, मुलं तुला बघून लाजतील. तर म्हणाला, "लाजू देत. पण मला बघायचंय."

मुलं येत होती, खरवडत होती, जात होती. एका उंच मुलानं निम्म्या चकत्या बादलीत लोटल्या.

"नाही आवडलं?" धाकट्यानं विचारलं.

मुलगा त्या चेहऱ्याकडे बघून क्षणभर घुटमळला. "आवडलं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "म्हणजे, लिंबू जास्त झालंय."

धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, लिंबू जास्त झालंय म्हणतोय." इतक्या आनंदानं माझी चूक मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

शेवटी शेवटी वेणीवाली आली. तिच्या ताटात दोन चकत्या उरल्या होत्या. त्या तिनं बादलीत टाकल्या, माझ्या भावासमोर उभी राहिली आणि फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढून दाखवले. पांढरे स्वच्छ होते. तिच्यामागच्या पोरानंही खिसे उलटे केले, मग त्याच्यामागच्यानं. बघता बघता अख्खी रांग खिशांचे कान बाहेर काढून उभी राहिली.

"आता तुमचे," वेणीवाली माझ्या भावाला म्हणाली.

तो हसला. विजारीचे दोन्ही खिसे त्यानं उलटे केले. तिनं शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यानं तोही उलटा केला, आणि मुकादमाचं कार्ड टपकन बादलीत पडलं, बरोबर बिटाच्या चकत्यांवर.

मी वाकून बघितलं. उष्टं ओरखड्याला टेकलं होतं, पण वर गेलं नव्हतं. मोठ्या बाईंनीही वाकून बघितलं आणि नुसती मान डोलावली. या खेपेला टाळी नाही. माझे डोळे भरून आले आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी ओरडले, "अरे, ते उष्टं खताच्या खड्ड्यात जातं, त्यात कागद कशाला? काढ तो आधी!"

धाकट्यानं कार्डाकडे बघितलं. त्याच्यावर लाल रंग चढायला लागला होता.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "कुजेल."