ओदीलचं मनगट
टेनिस सोडून तीन वर्षं झाल्यावर माझी धाकटी बहीण ओदील बेझिये शहरात सायकलवरून पडली. एक्स-रे पाहून डॉक्टर चक्रावले. “आज काहीच मोडलेलं नाही. पण मनगटातलं हे जुनं मोडलेलं हाड सांधलंच नाही. पंधरा वर्षं तरी झाली असतील!”

ओदील पांढरीफटक पडली. म्हणजे सारी कारकीर्द ती मोडक्या मनगटाने खेळली होती. दुखतंय म्हटलं की बाबा, तेच तिचे प्रशिक्षक, खेकसायचे, “नखरे पुरे!”

आम्ही तडक बाबांकडे गेलो. ते जर्दाळू चिरत बसले होते. एक्स-रेकडे न बघताच म्हणाले, “मला ठाऊक होतं गं. तेव्हा पॅरिसची स्पर्धा तोंडावर होती.”



“आणि नंतरची बारा वर्षं?” ओदीलने विचारलं.

बाबांनी पुढचा जर्दाळू चिरायला घेतला. त्या दिवसापासून ती त्यांना बाबा म्हणत नाही.