तळाचं नाव

"पाच नावं दाखवतायत बाबा. यातलं आपलं कुठलं?"

अस्मिता रिमोट हातात घेऊन टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावर आखाताचा नकाशा होता, आणि त्यावर अमेरिकी फौजेचे पाच तळ लाल ठिपक्यांनी दाखवले होते. पहाटे त्या पाचांवरही क्षेपणास्त्रं सोडली गेली होती. त्यांतल्या एका तळावर तिचा नवरा, मानस, एसी दुरुस्तीच्या कामाला होता. कुठल्या, ते तिला माहीत नव्हतं.

"मला काय माहीत?" तिचे सासरे लक्ष्मीकांत तारे म्हणाले.

"तुम्हीच तर फाडली ना ती चिठ्ठी."

हे खरं होतं. सात महिन्यांपूर्वी, निघायच्या सकाळी, मानसने कंपनीच्या पत्रातून तळाचं नाव आणि आपला बिल्ला नंबर एका कागदावर लिहून बायकोपुढे धरला होता. तिने हात पुढे करण्याआधीच लक्ष्मीकांतांनी तो कागद घेतला आणि त्याचे तुकडे केले. फौजेची जागा घरात लिहून ठेवायची नाही आणि फोनवरही बोलायची नाही, ठीक आहे एवढंच सांगायचं, असं त्यांनी मुलाला बजावलं. मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. अस्मिताने नंतर कितीदा विचारलं, तर "बाबांनी शपथ घातलीय" म्हणून हसायचा.

लक्ष्मीकांत हा गृहस्थ पहिल्यापासून असाच. छत्तीस वर्षं महूच्या लष्करी छावणीतल्या एका स्टोअर डेपोत त्यांनी कारकुनी केली. रोज छत्रीबागेतल्या घरातून डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी तोंडाला कुलूप लावून परत यायचे. त्यांची बायको हयात असताना शेजारणींना सांगायची, "यांच्या डेपोत लोणच्याच्या बरण्या असणार बहुतेक. झाकण उघडलं की खराब होतं." सगळे हसायचे, तेही हसायचे, पण बोलायचे नाहीत. खरं तर त्यांच्या टेबलावरून ब्लँकेटं, बूट आणि तंबूच्या खुंट्या यांपलीकडे काही जात नसे. पण नियम म्हणजे नियम. आणि छावणीवर त्यांचा जीव होता. चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे, झाडून लख्ख केलेले रस्ते, गेटावरचा पहारा. इतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही असं त्यांना मनापासून वाटायचं. आखातातलं काम आलं तेव्हा अस्मिता कचरत होती. "फौजेच्या कुंपणाआत कसली भीती?" असं म्हणून त्यांनीच तिला राजी केलं होतं.

एक गोष्ट मात्र अस्मिताला ठाऊक नव्हती. डेपोतली त्यांची पद्धत अशी होती, की नष्ट करायचा कागद आधी एकदा वाचायचा, पाठ करायचा आणि मग फाडायचा. हात सवयीने फाडतात, तसे डोळे सवयीने वाचतात. कॅम्प हार्लन. बिल्ला नंबर चार हजार चारशे सतरा.

आणि आता पडद्यावरची बातम्यांची पट्टी सांगत होती, की चार तळांवरचा मारा हवेतच अडवला गेला. कॅम्प हार्लनवर मात्र दोन क्षेपणास्त्रं पडली होती, कामगारांच्या बराकींवर.

लक्ष्मीकांतांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाचातलं एकच," अस्मिता म्हणाली. "म्हणजे चान्स कमी आहे ना बाबा? चार तर सेफ आहेत."

"हो. कमी आहे."

"नीट सांगा ना. मेरा तो दिमाग ही बंद झालाय."

"कमी आहे म्हटलं ना बेटा."

ते खोटं बोलत होते आणि ते त्यांना कळत होतं. पण नाव तोंडातून निघालं तर ते खरं होईल, अशी काहीतरी खुळी भीती त्यांच्या छातीत बसली होती. मानसचा फोन बंद येत होता. अस्मिताने वीस वेळा तरी लावला. ताटलीतले पोहे तसेच राहिले. लक्ष्मीकांत मोरीत जाऊन दोनदा तोंड धुऊन आले, तरी कानशिलांवर घाम येतच होता.

अकराच्या सुमाराला बंटीचा फोन आला. बडा गणपतीजवळ त्याचं परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस होतं, मानसला त्यानेच पाठवलं होतं. अस्मिताने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"भाभीजी, कंपनीवालों ने लिस्ट भेजी है. जो लोग मिल गए, ठीक हैं, उनके नाम हैं. साइट के हिसाब से बनी है. मानस भिया किस साइट पे हैं?"

"तुम्ही पाठवलं ना त्यांना! तुम्हें नहीं पता?"

"मैंने तो दुबई तक भेजा था भाभीजी. आगे कंपनी ने किधर डाला, अपने को क्या पता. हाथ की लिखी फोटो है, सैकड़ों नाम हैं. साइट बता दो तो झट से देख लूँ."

"नहीं पता भिया," अस्मिता म्हणाली, आणि सकाळपासून धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. "घर में किसी को नहीं पता."

लक्ष्मीकांत उठून टेबलापाशी आले.

"कॅम्प हार्लन," ते म्हणाले. "बिल्ला नंबर चार, चार, एक, सात."

अस्मिताने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. पट्टीवर तेच नाव सरकत होतं.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला?"

"सात महिन्यांपासून."

"आणि मला म्हणालात चान्स कमी आहे?"

"भीती वाटली गं. जन्मात कधी इतकी वाटली नव्हती."

बातम्या बंटीनेही पाहिल्या असणार.

"हार्लन की अलग है बाऊजी," तो हळू आवाजात म्हणाला. "छोटी लिस्ट है. नंबर नहीं लिखे इसमें, सिर्फ नाम हैं. पूरा नाम बोलो."

लक्ष्मीकांतांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनीच हौसेने ठेवलेलं नाव होतं ते, बत्तीस वर्षं दिवसातून दहादा मारलेली हाक. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास बाहेर आला.

"बाऊजी? हॅलो? आवाज नहीं आ रही."

अस्मिताने डोळे पुसले. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच होता. तिने सासऱ्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः फोनवर वाकली.

"मानस," ती म्हणाली. "मानस लक्ष्मीकांत तारे. देखो भिया. आराम से देखो, घाई नका करू."

बंटी एकेक नाव पुटपुटत यादीत खाली उतरू लागला. अस्मिताने सासऱ्यांचा दंड सोडला नाही.