आमच्या ह्यांनी विसळलेला कप

आमच्या ह्यांनी देश स्वतंत्र केला, हे खरं आहे. तुरुंगात गेले, लाठ्या खाल्ल्या, कोणापुढे मान तुकवली नाही. पण जेवल्यावर स्वतःचं ताट उचललं, असं मात्र जन्मात झालं नाही. एकदा परदेशी फोटोग्राफर आला, तेव्हा सिंकपाशी उभं राहून ह्यांनी कप नळाखाली धरला. फोटो निघाला आणि कप हातातून सटकून त्याचा कान तुटला. छापून काय आलं? देशाचा नेता स्वतःची भांडी स्वतः घासतो! वाचून मी पोट धरधरून हसले, तर हे माझ्याशी बोलेनात.

हे गेले आणि घराचं स्मारक झालं. मला मागची खोली आणि स्वयंपाकघर राहिलं. कानतुटका कप काचेच्या पेटीत गेला. खाली पाटी, 'पोलिसांच्या झडतीत फुटलेला.' पोलिसांनी बाकी काही सोडलं नव्हतं, पण कप त्यांनी फोडला नव्हता हो.

मग एक दिवस स्मारकाचे संचालक आले. गोड बोलायला लागले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आजी, स्वयंपाकघरात साहेबांचा पुतळा बसवतोय. कप घासताना! उद्घाटनाला मंत्रीबाई येणार."

"बसवा की. मी चहा कुठे करू?"

"तेच सांगायचंय. वृद्धाश्रमात तुमची छान सोय केलीय. मागच्या खोलीत तिकीटखिडकी येईल."

म्हणजे घर अख्ख्या देशाचं, फक्त माझं नाही! उभा जन्म ह्या घरात राबले. रडू फुटत होतं, पण त्यांच्यासमोर कोण रडतंय!

उद्घाटनाच्या दिवशी पुतळा पाहिला. बाह्या कोपरापर्यंत वर. बाई गं, हे दर्शन मलाही पहिल्यांदाच घडत होतं.

मंत्रीबाईंनी मलाच विचारलं, "आजी, साहेब खरंच भांडी घासायचे?"

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. माझी जीभ तर नुसती शिवशिवत होती. पण 'नाही' म्हणून मला काय मिळणार होतं?

"घासायचे म्हणजे काय! भांडी, केर, धुणं, सगळं. माझे पाय चेपायचे. म्हणायचे, घरच्या बाईला राबवणाऱ्यानं स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्रीबाईंनी डोळे पुसले.

"जाताना एवढंच म्हणाले, हिचा चहा शेवटपर्यंत ह्याच ओट्यावर होऊ द्या. पण संचालकसाहेब मला वृद्धाश्रमात..."

"कोण हलवतंय आजींना?" मंत्रीबाई गर्रकन वळल्या.

"छे छे! कुणीच नाही," संचालक म्हणाले.

आता ते स्वातंत्र्याच्या गप्पांचं वाक्य भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय. बघायला येणाऱ्या बायका ते मोठ्यानं वाचतात आणि नवऱ्याला कोपरानं ढोसतात. नवरे छताकडे बघतात. उभ्या हयातीत ह्यांच्या एकाही भाषणानं एवढं काम केलं नसेल.

दुपारी गर्दी ओसरली की मी ह्यांच्याशेजारी बसून चहा घेते. आठवण येते हो, खोटं कशाला बोलू? पिऊन झाल्यावर कप ह्यांच्यापुढे ठेवते आणि म्हणते, "घासा आता."

संध्याकाळपर्यंत वाट बघते. मग उठते, कप विसळते आणि ह्यांच्या अंगावरची धूळही पुसते.