चुकलेले तिसरे अक्षर

एखाद्या वस्तूचे रक्षण करायचे म्हणून माणूस तिला हात लावत नाही, इतरांनाही लावू देत नाही. आणि हात न लावल्यामुळेच ती आतून झिजत जाते. हा दोष प्रेमाचा की अज्ञानाचा, हे ठरवणे सोपे नाही. परंतु ज्याच्या वाट्याला असा प्रसंग येतो, त्याला ती वस्तू एके दिवशी जाणत्या हातांकडे सोपवावीच लागते, आणि त्याची खरी कसोटी तेव्हा लागते.

भाऊंनी बत्तीस वर्षे व्हिडिओ गेमचे पार्लर चालवले. बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून असलेल्या त्या लांबट खोलीत एके काळी अकरा यंत्रे होती. दहा गेली, अंतराळयानाच्या खेळाचे एकच यंत्र कोपऱ्यात उरले. परवा खोलीही रिकामी करून द्यायची होती आणि यंत्र लेकीच्या घरी जायचे होते. आता यंत्र हलवायचे म्हणजे त्याचा प्लग काढणे आले, आणि तो प्लग भाऊंनी अकरा वर्षांत एकदाही काढलेला नव्हता.

कारण यंत्राच्या पडद्यावर, सर्वाधिक गुणांच्या यादीत, पहिल्या ओळीवर त्यांची पत्नी होती.

ती गल्ल्यावर बसून टोकन देई, म्हणून पोरे तिला टोकनवाल्या काकू म्हणत. एका सुस्त दुपारी गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा एका टोकनावर ती दोन तास खेळली आणि आठ लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे वीस गुणांवर थांबली. मग यंत्राने तिच्या नावाची तीन अक्षरे मागितली. ती दांडी हलवून, ठरलेल्या सेकंदांत निवडायची असतात. दोन नीट लागली. तिसऱ्याला एक घर अलीकडेच वेळ संपली आणि शेजारचेच अक्षर कायम झाले. दुसऱ्या दिवशी पोरांनी चिडवले, "काकू, स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही आणि म्हणे पहिला नंबर."

"नाव चुकलं तरी नंबर माझाच आहे," ती म्हणाली होती. "तू दोन्ही बरोबर करून दाखव, मग बोल."

ते कुणालाच साधले नाही. ती गेली त्या दिवसापासून भाऊंनी यंत्र बंद केले नाही. आत बॅटरी असते आणि वीज गेली तरी ती यादी जपते, हे त्यांना ठाऊक होते. गल्लीतली वीज मधूनमधून जाई, तेव्हा बॅटरीने ती जपलीही होती. परंतु आपण होऊन प्लग काढण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

"मी फोटो काढून ठेवलाय, भाऊ," लेक म्हणाली. "मोठा करून फ्रेम करू."

"फोटो तर तिचाही आहे भिंतीवर," भाऊ म्हणाले. "म्हणून काय ती घरात आहे का? हे तिनं स्वतः लिहिलंय."

सकाळीच लेक प्लग काढणार होती. पण वडिलांचा चेहरा पाहून तिने हात आवरला आणि मावशींना बोलावणे पाठवले.

मावशी नात्याने कुणाच्याच मावशी नव्हत्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षे तारांच्या जोडांना कथलाचा डाग देऊन त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता जुनी यंत्रे दुरुस्त करीत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, यंत्राची मागची फळी काढली आणि विजेरी आत धरली.

हातभर लांबीच्या हिरव्या बोर्डच्या कोपऱ्यात तीन गुंड्या एकमेकींवर रचाव्यात तशी बॅटरी होती. ती फुगून फुटली होती. तिच्याभोवती निळसर-पांढरा क्षार जमला होता, आणि बोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेघा त्याने बोटभर खाल्ल्या होत्या.

"किती वर्षं बंद केलं नाही म्हणालात?"

"अकरा. जपूनच ठेवलंय हो."

"जपलंत खरं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "यंत्र चालू असलं की ही बॅटरी भरत राहते. अकरा वर्षं तुम्ही हिला पंगतीतून उठूच दिलं नाहीत, भाऊ. अजीर्णानं फुटली ती. नशीब, त्यानंतर वीज गेली नाही."

भाऊ खुर्चीवर बसले. "म्हणजे आत्ता प्लग काढला असता तर?"

"तर ते नाव त्याच क्षणी गेलं असतं. ते ज्या चिपमध्ये आहे, तिला आता फक्त भिंतीतली वीजच जगवतेय."

लेकीने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले आणि तो पदरात घेतला.

उपाय एकच होता. यंत्र चालू असतानाच त्या चिपच्या दोन पायांना नवा सेल जोडायचा, जुनी बॅटरी कापून काढायची, आणि मगच प्लग काढायचा. मावशींनी नाण्याएवढा सेल आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारा मण्याएवढा डायोड पुढ्यात ठेवला. मग त्यांनी आपल्या कामाची रीत सांगितली. डाग देताना सोल्डरिंग आयर्न भिंतीला जोडलेले नसावे. त्याच्या टोकातून विजेचा लवलेश जरी चिपमध्ये उतरला, तरी सारे पुसले जाईल. म्हणून ते तापवायचे, प्लग काढायचा, आणि अंगात उष्णता आहे त्या वीस सेकंदांत डाग द्यायचा.

"मी सांगितलं की तुम्ही याचा प्लग काढायचा, भाऊ."

भिंतीवरच्या बोर्डात दोन प्लग शेजारी शेजारी होते, दोन्ही काळे. भाऊंचा हात एकदा या प्लगकडे, एकदा त्या प्लगकडे जात होता. तेव्हा लेक न सांगता पुढे आली, खाली वाकली आणि सकाळी जो प्लग ती उपटणार होती, त्यावर तिने आपला तळवा घट्ट दाबून धरला.

"आता चुकून तुमचा हात पडला तर माझ्या हातावर पडेल," ती म्हणाली.

"काढा," मावशी म्हणाल्या.

भाऊंनी प्लग काढला. धुराची एक रेघ उठली, कथलाचा थेंब चमकला आणि थिजला. पुन्हा तापवणे, पुन्हा काढणे, दुसरा डाग. पुढच्या बाजूला पडद्यावर अंतराळयाने उडत होती, जणू मागे काही घडतच नव्हते. मग मावशींनी जुन्या बॅटरीचे पाय कापले आणि तो फुगलेला गोळा कागदावर ठेवला.

"आता यंत्राचा."

लेकीने हात काढला. भाऊ त्या प्लगपाशी क्षणभर थांबले आणि त्यांनी तो ओढला.

पडदा मिटत मिटत एका ठिपक्यावर आला आणि ठिपकाही विझला. आतला पंखा थांबला. अकरा वर्षे त्या खोलीत एक गुणगुण होती, हे तिघांनाही ती थांबल्यावर कळले. शिंप्याच्या यंत्राची टकटक भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागली.

मावशींनी मीटरच्या दोन सुया चिपच्या पायांना टेकवल्या. "दोन पूर्णांक आठ व्होल्ट. श्वास चालू आहे." मग मीटर निराळ्या तऱ्हेने जोडून त्यांनी भाऊंना जवळ बोलावले. "आणि हे पाहा, एवढ्याशा विजेवर जगतेय. तुमच्या टॉर्चला लागते तिचा लाखावा भागही नाही."

भाऊंनी वाकून तो आकडा पाहिला. एक माणूस दोन तास बसते, हसते, हरते, आणि त्याचे जे उरते ते इतक्या सूक्ष्म प्रवाहावर तरून राहते. तो प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि तरीही क्षणभर खंडला तर सारे शून्य. त्या निर्जीव हिरव्या बोर्डपुढे त्यांचे हात आपोआप जुळले. मावशींनी ते पाहिले, पण त्या हसल्या नाहीत. तीस वर्षे त्या कामात घालवूनही त्यांना ते रोज नवेच वाटे.

"लावू का?" लेकीने विचारले.

"थांब. आतली उरलीसुरली वीज ओसरू दे. नाहीतर परीक्षा खोटी व्हायची."

चहा झाला, कपही विसळले गेले. क्षार पुसून मावशींनी फळी लावली आणि एकच गोष्ट बजावली. यंत्र सुरू होताच आपल्या स्मृतीची बेरीज ताडून पाहते. एक अंक जरी चुकला, तरी ते सारी यादी पुसून कारखान्यातली नावे लिहिते.

भाऊंनी प्लग लावला.

पंखा गुणगुणला. पडदाभर अक्षरांचा अर्थहीन सडा पडला, मग चौकटींची जाळी, मग काळोख. मग तारे उमटले, याने आली, आणि त्यांच्यामागून एकेक ओळ वर सरकू लागली. दहावी, नववी, आठवी. लेक वडिलांचा दंड धरून उभी होती. शेवटी पहिली ओळ आली.

आठ लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे वीस. शेजारी तीन अक्षरे. आणि त्यांतले चुकलेले तिसरे अक्षर तसेच चुकलेले होते.

"तीच आहे," भाऊ म्हणाले.

नंतर त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र पुन्हा बंद केले, वायरची गुंडाळी करून मागच्या खिळ्याला अडकवली, आणि लेकीला म्हणाले, "ने आता. रोज चालू ठेवायची गरज नाही."

"दर पाच वर्षांनी सेल तपासा," मावशी म्हणाल्या. "मी नसले तरी कुणाकडूनही करून घ्या. रीत तुम्ही दोघांनी पाहिलीच आहे."

जिने लिहिले, ज्याने जपले, जिने हात आवरला आणि जिने डाग दिला, त्या सर्वांचे मंगल असो. आणि त्या इवल्या सेलाला दीर्घायुष्य लाभो.