दुसऱ्यांदा भरलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, तुमच्या बोटाएवढी. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला धुऊन, तापवून ठेवत आणि बोलावणं येईल तिथं पाठवत.

एका वस्तीत मात्र माझा कस लागला. तिथल्या दवाखान्यातल्या परिचारिकेला सगळे ताई म्हणत. आंघोळीच्या गरम पाण्याचा तिला गोडसर वास येऊ लागला होता. वस्तीचं पाणी एका खोल विहिरीतून यायचं. विहिरीपलीकडे यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. तिचा नवरा तिथंच त्या भागांवरचं तेल एका द्रावणानं धुवायचा. त्याच्या कपड्यांनाही हाच वास असे.

ताईच्या तक्रारीवरून पाणीखात्याच्या माणसानं मला घाईघाईत भरून नेलं. 'काही आढळलं नाही' असा कागद आला. वस्ती निश्चिंत झाली, ताई नाही. तिनं थेट प्रयोगशाळा गाठून वासाचं आणि कारखान्यातल्या द्रावणाचं सांगितलं.

तपासनीस बाईंनी नोंदवही उघडली. "बाटलीत वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला होता. द्रावण पाण्यातून उडून त्या हवेत शिरतं, मग पाण्यात सापडत नाही. असा नमुना आम्ही स्वीकारायलाच नको होता. चूक आमचीही आहे."

"मग कसा भरायचा ते मला शिकवा," ताई म्हणाली. बाईंनी तिला शिकवलं आणि धुऊन तापवलेली मी पुन्हा निघाले, या वेळी तिच्यासोबत.

घरी नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, माझी रोजीरोटी आहे तिथं."

"आणि आपल्या पोरी पितात ते पाणी?"

तो जेवणावरून उठून गेला.

सकाळी ताईनं दहा मिनिटं नळ वाहू दिला. मला तिरकं धरून बारीक धारेनं काठोकाठ भरलं, झाकण लावलं, उलटं करून तळहातावर हळूच आपटलं. बुडबुडा दिसला की ओतून द्यायची. चौथ्या वेळी जमलं. मग बर्फाच्या पेटीतून मी निघाले. सुरक्षित मर्यादेच्या चौदापट द्रावण माझ्या पाण्यात सापडलं.

वस्तीची सभा भरली. कारखान्याचे मालक शांतपणे म्हणाले, "आमच्याकडचा थेंबही बाहेर जात नाही."

मागच्या बाकावरून ताईचा नवरा उठला. "जातो, साहेब. शेडमागच्या खड्ड्यात. दर शनिवारी मीच ओततो. जागा दाखवतो, चला."

ताईनं फक्त सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

विहीर बंद झाली, टँकर आले, खड्ड्याची माती उपसली गेली. कारखाना पाच महिने बंद राहिला. तेवढे दिवस ताईच्या एकट्या पगारावर घर चाललं आणि काही शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढे दूरच्या तलावाचं पाणी आलं, कारखानाही सुरू झाला. आता वापरलेलं द्रावण पिंपांत भरून, मोजून विल्हेवाट लावणाऱ्यांकडे पाठवतात. ते मोजण्याचं काम ताईच्या नवऱ्यानं मागून घेतलं.

माझ्या काठाला चीर गेली, तेव्हापासून मी प्रयोगशाळेच्या मागच्या फळीवर धूळ खात पडले आहे. माझी कामं आता नव्या बाटल्या करतात. त्याचं वाईट वाटतं, पण थोडंच.

मित्रांनो, ते पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. म्हणून तुमच्या नळाचं पाणी शेवटचं कधी तपासलं, हे मोठ्यांना विचारा. कागद दाखवला तर नमुना कसा भरला तेही विचारा. धड उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.